पाणी पुढे, मीठ मागे

वैशाख सरता सरता पैठण तालुक्यातली काळी राने तडकतात. नांगरट न झालेल्या शेतात भेगा इतक्या रुंद होतात की चालताना पाय जपून टाकावा लागतो. काठी सोडली तर हात-दोन हात सहज आत जाते. मृगाचा पहिला जोरदार पाऊस या भेगांतून थेट खाली उतरतो. वरची ढेकळे नुसती माखलेली, आतून कोरडी ठणठणीत, आणि दोन-तीन फूट खालचा थर मात्र ओला, असा प्रकार त्या दिवसांत रान उकरून कुणालाही पाहता येईल. पुढे पाऊस लागून राहिला की माती फुगते, भेगा मिटतात आणि कालपर्यंत धावणारे पाणी जागच्या जागी थबकते.

ही माती मूळची दख्खनच्या काळ्या पत्थराची. बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीत चिकणमातीचा वाटा निम्म्याच्या आसपास, भारी रानात त्याहूनही जास्त असतो. त्यातली माँटमोरिलोनाइट जातीची खनिजे पाणी पिऊन फुगतात आणि वाळली की आक्रसतात. मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याने या स्वभावावर आपली शेती बसवली आहे. रब्बी ज्वारीला तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी करायची ती तणासाठी तर खरीच, पण शेवटची पाळी मुख्यतः भेगा बुजवण्यासाठी. तोवर रान कडक होते, साधे कोळपे चालत नाही, म्हणून दातेरी कोळपे धरतात. भेग उघडी राहिली तर खालची ओल तिच्यातून वाऱ्यावर जाते, हे ठाऊक असल्यामुळेच एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी अशी म्हण पडली.

पाणी दोन चालींनी चालते, हे अशा रीतीने शेतात जुनेच ठाऊक होते. पण पाण्यात विरघळलेले मीठ, नत्र, सोडा हे पाण्याच्या पावलाबरोबर पाऊल टाकतात का? या प्रश्नाचे उत्तर मिळायला विज्ञानाला जवळजवळ शंभर वर्षे लागली. महाराष्ट्रातल्या हजारो एकर चांगल्या जमिनींनी त्या मधल्या काळात त्याची किंमत मोजली.

छत्रपती संभाजीनगरचा पाण्याशी असलेला हिशेब पार मलिक अंबरापासूनचा. निजामशाहीच्या या वजिराने १६१० मध्ये खडकी गावी राजधानी वसवली आणि तिच्यासाठी नहर-ए-अंबरी खोदवली. शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याशी जमिनीत मुरलेले पाणी भुयारी नळांत झिरपवून घ्यायचे, जागोजागी हवेसाठी झरोके ठेवायचे आणि उताराच्या बळावर ते वस्तीत आणायचे, अशी ती रचना. पुढे अठराव्या शतकात पाणचक्कीची नहरही याच तत्त्वावर आली. काळा पत्थर अखंड नसतो. त्याच्या सांध्यांतून आणि चिरांतून पाणी भराभर येते, बाकीचा दगड मात्र ते सावकाश सोडतो. नहर खोदणाऱ्यांनी चिरांचे पाणी नेमके हेरले, ही त्यांची मोठी करामत. त्यांना गणित मांडायचे होते ते पाण्यापुरते. क्षारांचा प्रश्न उभा राहिला तो पाटाच्या पाण्याबरोबर, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, आणि तोही गोदावरीकाठी नव्हे तर नीरेच्या खोऱ्यात.

१८७६-७७ च्या दुष्काळाने मुंबई इलाख्याचा दक्षिण भाग होरपळून निघाला. त्यानंतर भाटघरचे धरण हाती घेतले गेले आणि १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला. बारामती-इंदापूरच्या कोरड्या माळाला बारमाही पाणी मिळाले, ऊस आला, गुऱ्हाळे आली. मग काही वर्षांतच सखल भागातल्या विहिरी काठोकाठ भरू लागल्या, रानांत उन्हाळाभर ओल राहू लागली आणि जमिनीवर मीठ फुटले. चांगली काळीभोर जमीन चोपण झाली. चोपण म्हणजे पावसात चिखलाचा गोळा आणि उन्हात दगड. वाफसा येतो तो इतका थोडा वेळ की औत घालायची संधीच सापडत नाही.

या जमिनींचा शास्त्रीय तपास केला तो पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हाणे यांनी. नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवरची त्यांची पुस्तिका १९१० मध्ये मुंबई शेतकी खात्याने काढली. मॅन यांचे नाव मराठी वाचकाला पिंपळे सौदागर या गावाच्या पाहणीमुळे अधिक परिचित आहे, पण नीरेवरचे हे कामही त्याच तोलाचे. पाटाच्या पाण्याने भूजल वर चढते, ते दीड-दोन मीटरच्या आत आले की केशाकर्षणाने पृष्ठभागाकडे खेचले जाते, पाण्याची वाफ होते आणि मीठ मागे उरते, ही साखळी तेव्हापासून मराठी मुलखातल्या पाटबंधाऱ्यांच्या चर्चेत ठाण मांडून बसली.

इथे एक साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार असलेले पाणी चवीला गोडच लागते. त्या पाण्याचा दोन मीटर थर उसाला वर्षभरात दिला, तर एका हेक्टरात सहा टन क्षार येऊन पडतात. पिकाची मुळे पाणी घेतात आणि बहुतेक क्षार जागेवर सोडतात. निचरा नसेल तर हा साठा दरवर्षी वाढतच जातो.

मॅन-ताम्हाण्यांनंतर या प्रश्नाला भिडले क्लॉड इंग्लिस. मूळचे डब्लिनचे हे अभियंते १९०६ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात आले. १९१६ मध्ये सुरू झालेल्या ज्या खास विभागातून पुढे खडकवासल्याचे जल संशोधन केंद्र उभे राहिले, त्याची धुरा त्यांच्याकडेच होती. बारामतीच्या पट्ट्यात काम करताना त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली: काळ्या मातीत चर खणून फारसे पाणी हाती लागत नाही, पाणी चालते ते तिच्या खालच्या मुरमातून आणि मांजऱ्यातून. म्हणून चर मुरमाला भिडेपर्यंत खोल न्यायचे, अशी पद्धत त्यांनी १९२० च्या दशकात रुळवली. उभ्या दिशेने भेग आणि आडव्या दिशेने मुरूम, या पाण्याच्या दोन हमरस्त्यांपैकी दुसरा त्यांनी कामाला लावला. १९३२ मध्ये पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघाले. तिथे जे. के. बसू यांच्यासारख्या मृदाशास्त्रज्ञांनी दख्खनच्या कालव्यांखालच्या मातीचे थर उभे कापून पाहिले आणि कुठली जमीन पाटाचे पाणी सोसेल, कुठली नाही, याचे वर्गीकरण लावले. मराठी मुलखातल्या मातीचे हे पहिले पद्धतशीर वाचन.

चर खणले, भूजल खाली गेले, वरून पाणी सोडून क्षार धुतले. तरी एक कोडे उरतेच. चरातून निघणारे पाणी एव्हाना गोड झालेले असते, म्हणजे क्षार संपले असे वाटावे. पण दोन-तीन महिने रान तसेच ठेवून पुन्हा पाणी सोडले की चरात पुन्हा खारट पाणी उतरते. मीठ गेले कुठे होते आणि आले कुठून?

या कोड्याचा पहिला धागा इंग्लंडातल्या रॉथॅमस्टेडच्या शेतात सापडतो. तिथे १८७० मध्ये तीन मोजणी-चौथरे बांधले गेले: २०, ४० आणि ६० इंच खोलीचे, प्रत्येकी एकराच्या हजाराव्या भागाएवढे. त्यांचे वेगळेपण असे की माती उकरून पुन्हा भरली नव्हती. जागच्या मातीचा ठोकळा तसाच ठेवून त्याच्या खालून आणि कडेने बांधकाम केले होते. खाली झिरपलेले पाणी गोळा करून लॉज, गिल्बर्ट आणि वॉरिंग्टन यांनी त्याचे पृथक्करण केले. १८८२ पर्यंत त्यांनी मांडलेला निष्कर्ष स्पष्ट होता: पावसाचे काही पाणी मातीतल्या मोठ्या वाटांनी, मातीच्या ओलीत फारसे न मिसळता, सरळ खाली येते, ते विरळ असते. मागाहून सावकाश झिरपते ते छिद्रांतले पाणी क्षारांनी आणि नायट्रेटने समृद्ध असते. 

हे निरीक्षण पुढे अनेक दशके कोपऱ्यात पडून राहिले. कारण गणित दुसऱ्या वाटेने गेले होते. १८५६ मध्ये दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी वाळूच्या गाळणीवर प्रयोग करणाऱ्या हेन्री दार्सीचा नियम हाताशी होता, आणि वाळूत सगळी छिद्रे साधारण सारखीच वागतात. १९५० आणि ६० च्या दशकांत माती भरलेल्या नळ्यांतून क्लोराइडचे द्रावण सोडून ते खाली केव्हा आणि किती येते याचे आलेख काढले जाऊ लागले. कॅलिफोर्नियातल्या नील्सन आणि बिगर यांची नावे त्यात अग्रभागी होती. माती वाळवून, कुटून, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळून नळीत भरली की आलेख देखणा येई: एक चढण, दोन्ही बाजू सारख्या. समीकरणाला तो चपखल बसे. पण मातीचा न मोडलेला ठोकळा घेतला की मीठ अपेक्षेच्या आधीच खाली दिसू लागे, आणि शेवटचा अंश बाहेर पडायला मात्र काही केल्या तयार होत नसे. आलेखाला लांबलचक शेपूट येई.

मीठ एकाच वेळी लवकर आणि उशिरा कसे येते, याची उकल आधी तेलविहिरींच्या अभियंत्यांनी सुचवली. कोट्स आणि स्मिथ या दोघांनी १९६४ मध्ये खडकातल्या आंधळ्या छिद्रांचा हिशेब समीकरणात घेतला. मातीसाठी तोच विचार १९७६ मध्ये मार्टिनस व्हॅन गेनुख्टेन आणि पीटर विरेंगा यांनी मांडला. मातीतले सगळे पाणी फिरते नसते. काही पाणी वाटांमधून वाहते, काही ढेकळांच्या आत अडकून बसते, आणि दोघांमध्ये मिठाची देवाणघेवाण होते ती केवळ तीव्रतेतल्या फरकामुळे, हळूहळू. छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीच्या रस्त्यावरून मिरवणूक जोरात पुढे सरकते, पण बोळांच्या आतल्या घरांतली माणसे रस्त्यावर यायला वेळ लागतो. मिरवणूक संपल्यावरही ती येतच राहतात, तसे काहीसे. जुने समीकरण गृहीत धरत होते की रस्ता आणि बोळ यांच्यात क्षणोक्षणी समतोल साधलेला असतो. नव्या मांडणीने तो समतोल नाकारला आणि त्याच्या जागी मोजता येतील असे दोन आकडे ठेवले: फिरत्या पाण्याचा वाटा किती, आणि देवाणघेवाणीचा वेग किती.

वेगाचा हा आकडाच काळ्या मातीचे मर्म आहे. ओल्या मातीत विरघळलेले मीठ एक सेंटिमीटर सरकायला ढोबळमानाने दोन-तीन दिवस घेते. अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट होतो, कारण वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. दहा सेंटिमीटरला तो शंभरपट, म्हणजे जवळपास वर्षभर. पाणी त्याच मातीच्या भेगेतून दीड मीटर खाली काही मिनिटांत पोहोचलेले असते. नांगराच्या तासाबरोबर निघणारे मोठे ढेकूळ डोळ्यांपुढे आणले, तर त्याच्या गाभ्यातल्या मिठाला एखादा पावसाळा सहज अपुरा पडेल. चरातले पाणी गोड होऊन पुन्हा खारट का होते, याचे उत्तर इथे मिळते. भेगांच्या कडा धुऊन निघतात, गाभा तसाच राहतो, आणि विश्रांतीच्या काळात गाभ्यातले मीठ कडेला येऊन थांबते.

याच्या जोडीला दुसरा, रासायनिक उशीर असतो. चोपण जमिनीत सोडियम नुसता पाण्यात नसतो, तो मातीच्या कणांना धरून बसलेला असतो. जिप्सममधला कॅल्शियम त्याची जागा घेतो तेव्हा तो सुटतो, पण त्यासाठी कॅल्शियम आणि सोडियमची गाठ पडावी लागते. जिप्सम टाकून लगेच भरपूर पाणी सोडले की विरघळलेला जिप्सम भेगेतून खाली निघून जातो आणि आतला सोडियम आतच राहतो. शेतकऱ्याने खर्च केलेला असतो, पोती रिकामी झालेली असतात, आणि रान होते तसेच.

हे सगळे मराठवाड्याच्या दारात आले जायकवाडीबरोबर. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या या भागाला तोवर मोठा कालवा असा नव्हताच. जायकवाडी हे खरे तर बीड जिल्ह्यातले गाव. आधीच्या योजनेतली धरणाची जागा त्याच्या जवळ होती. पुढे जागा बदलून पैठणला आली आणि नाव तेवढे मागे राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, १९७२ च्या दुष्काळाने कामाची निकड अधोरेखित केली, आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी धरणाचे लोकार्पण केले. डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२ किलोमीटर. पहिल्या टप्प्याचे लाभक्षेत्र सुमारे १ लाख ८३ हजार हेक्टर. त्यातले बरेचसे भारी काळे रान, ज्याला पिढ्यान्‌पिढ्या पावसाच्या ओलीवर रब्बी ज्वारी आणि करडई काढायची सवय होती.

योगायोग पाहा: ज्या वर्षी नाथसागराचे, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचे, पाणी देशाला अर्पण झाले, त्याच वर्षी व्हॅन गेनुख्टेन आणि विरेंगा यांचे फिरत्या आणि अडकलेल्या पाण्याचे समीकरण छापून आले. दोघांची गाठ पडायला मात्र वेळ लागला. कालव्याचा आराखडा करताना पिकाला लागणारे पाणी, पाटात मुरणारे पाणी, आवर्तनाचे दिवस यांचा हिशेब होता. जमीन मात्र एकसारखा स्पंज धरलेली होती. लाभक्षेत्रात सखल भागांत, कालव्याच्या कडेला आणि उसाच्या रानांत पाणथळ जमिनी दिसू लागल्या तेव्हा नीरेची गोष्ट नव्वद वर्षांनी पुन्हा घडत होती. नीरेचा अनुभव छापील स्वरूपात हाताशी असताना निचऱ्याचे काम पाटाच्या कामामागून यावे, याला चुकलेला क्रमच म्हणावे लागेल.

१ ऑक्टोबर १९८० रोजी औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) जल व भूमी व्यवस्थापन संस्था, म्हणजे वाल्मी, स्थापन झाली. पैठण रस्त्यावर कांचनवाडीला असलेल्या या संस्थेत पाटबंधारे खात्याचे अभियंते आणि कृषी खात्याचे अधिकारी एकाच वर्गात बसू लागले. वरवर ही साधी सोय वाटते, पण तिचे मोल मोठे होते. तोवर पाणी एका खात्याचे आणि माती दुसऱ्याची होती. ज्या माणसाला पाळी किती दिवसांची ते कळत होते त्याला वाफसा पाहायचे कारण नव्हते, आणि ज्याला वाफसा कळत होता त्याच्या हाती दरवाजाची चावी नव्हती. राज्याच्या जलसिंचनाचा सर्वांगीण आढावा घेणारा आयोग ज्यांच्या अध्यक्षतेखाली काम करून १९९९ मध्ये अहवाल देता झाला, ते माधवराव चितळेही याच शहरात राहणारे. माती, पाणी आणि हिशेब यांची इतकी माणसे एका ठिकाणी क्वचितच जमली असतील.

दरम्यान समीकरणे संगणकावर आली. १९८४ मध्ये सीएक्सटीएफआयटी हा संगणकीय कार्यक्रम निघाला. मातीच्या ठोकळ्यातून मिळालेला आलेख त्यात भरला की फिरत्या पाण्याचा वाटा आणि देवाणघेवाणीचा वेग बाहेर येतो. पुढच्या हायड्रस कार्यक्रमाने भेग आणि ढेकूळ ही दोन वेगळी पण परस्परांना जोडलेली क्षेत्रे धरून शेतभराचे चित्र रंगवण्याची सोय केली. नेदरलँड्समध्ये बोउमा यांनी भेगाळणाऱ्या चिकणमातीत रंगीत पाणी ओतून ते कुठल्या भिंतीवरून उतरते हे उघडे करून दाखवले. नुसता निळा रंग आणि एक खड्डा, एवढ्या सामानावर हा प्रयोग मराठवाड्यातल्या कुठल्याही शेतकी शाळेत होऊ शकतो, आणि व्हावा.

या सगळ्या गणितातून शेतकऱ्याच्या हाताला लागणारी सर्वांत उपयोगी गोष्ट कॅलिफोर्नियातल्या १९६५ च्या एका प्रयोगात आहे. मिलर, बिगर आणि नील्सन यांनी शेताच्या एका वाफ्यात पाणी सतत उभे ठेवले आणि दुसऱ्यात ते थोडे थोडे, मध्ये खंड देत सोडले. खंड दिलेल्या वाफ्यात तेवढेच मीठ धुवायला कमी पाणी लागले. खंडाच्या काळात गाभ्यातले मीठ कडेला येते आणि पुढचे पाणी ते घेऊन जाते. काळ्या रानात तर हा फरक अधिक पडायला हवा, कारण तिथे वाटा अधिक मोठ्या आणि गाभे अधिक घट्ट आहेत. आवर्तनाने, दिवस सोडून मिळणारे पाटाचे पाणी एरवी तक्रारीचा विषय असते; धुणीच्या कामासाठी मात्र तेच योग्य ठरते. जिप्समलाही हाच न्याय लागू: बारीक दळून मातीत मिसळायचा, हलके पाणी द्यायचे, थांबायचे, मग पुढचे पाणी. ढेकळे जितकी लहान तितके गाभ्याचे अंतर कमी. अंतर निम्मे झाले तर वेळ पाव होतो, म्हणून शेणखताने आणि हिरवळीच्या खताने माती भुसभुशीत करणे हे या समीकरणात थेट बसते.

नत्राचेही तसेच. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या अनेक विहिरींच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या पिण्याच्या मर्यादेपलीकडे सापडते. भेगा उघड्या असताना फेकून दिलेला युरिया आणि त्यावर आलेला पहिला मोठा पाऊस, ही जोडी खत मुळांना वगळून विहिरीत नेऊन सोडू शकते. उलट जे नत्र ढेकळांच्या आत शिरले आहे, ते वापर थांबल्यावरही वर्षानुवर्षे झिरपत राहते. विहीर सुधारायला लागणारा वेळ शेतातल्या बदलापेक्षा कितीतरी लांब असतो, हे ग्रामपंचायतीला सांगणारा हिशेब आज हाताशी आहे.

अडचण आहे ती नमुन्याची. मातीपरीक्षणाला जाणारी माती आजही सावलीत वाळवतात, लाकडी हातोड्याने कुटतात, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळतात आणि पाण्यात ढवळून तिची क्षारता मोजतात. पिकाला किती खत द्यायचे हे ठरवायला ही रीत योग्यच आहे. पण ती भेग आणि गाभा यांचा फरक कुटून टाकते. धुणी किती झाली आणि किती उरली, ते या आकड्यातून कळत नाही. जायकवाडीच्या लाभक्षेत्रात जिथे चर खणून किंवा भूमिगत नळ्या टाकून जमीन सुधारली जात आहे, तिथे एकाच खड्ड्यातून भेगेच्या भिंतीवरची खरवड आणि ढेकळाचा गाभा असे दोन नमुने वेगळे घेऊन दोन पावसाळे मोजावेत. ते दोन आकडे जवळ आले की धुणी पुरी झाली, आणि लांब राहिले तर आणखी किती पाळ्या लागतील, हे व्हॅन गेनुख्टेन-विरेंगांच्या समीकरणातून काढता येते. कांचनवाडीपासून अशी राने तासाभराच्या अंतरावर आहेत.